समुद्राला सातबारा नाही, म्हणून नोंदी आपणच ठेवायच्या

वाढवण बंदराबद्दल बोलताना एक आकडा सगळेच सांगतात: समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव. दुसरा आकडा फारसा कुणी उच्चारत नाही. बंदराची हद्द सुमारे १७ हजार हेक्टरची आहे, म्हणजे भरावाच्या दहापटीहून जास्त. भरावाखाली मासेमारी संपणार हे शेंबडं पोरही सांगेल. पण हद्दीच्या आत जहाजांचा ये-जा करायचा मार्ग येतो, नांगर टाकून थांबायची जागा येते, मोठं जहाज वळवायचं पाणी येतं, वर्षानुवर्षं चालणारा गाळउपसा येतो. तिथे पाणी तसंच दिसेल, मासाही काही काळ असेल, पण जाळं टाकायला कुणी देणार नाही. मच्छीमारांचं नुकसान मोजायचं तर मोजणी इथून सुरू व्हायला हवी.

आधी प्रकल्प थोडक्यात. पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या वाढवण गावासमोर हे बंदर होतं आहे. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा हिस्सा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. खर्च ७६,२२० कोटी रुपये. प्रत्येकी १,००० मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल, १०.१४ किलोमीटरची लाटरोधक भिंत, आणि वर्षाला २९.८ कोटी टन माल हाताळायची क्षमता. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी १९ जून २०२४ रोजी मिळाली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. जागा हीच का, याचं उत्तर सरळ आहे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर इथे नैसर्गिकरीत्या २० मीटरच्या आसपास खोली मिळते. सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं आपल्या बहुतेक बंदरांत येऊ शकत नाहीत, आपला बराच माल कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलून जातो. ही अडचण खरी आहे, आणि बंदराच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही तितकाच जुना. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं, आणि १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवणचं बंदर नाकारलं. पुढे प्रस्ताव पुन्हा आला. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, आता वेगळ्या रचनेत, अटींसह ना-हरकत दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पर्यावरण मंजुरी आली, एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

हे बंदर व्हावं की नाही यावर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते बंदरासमोर उभ्या असलेल्या कुठल्याही गावाला उपयोगी पडेल असं: विरोध करायचा असो, अटी घालून घ्यायच्या असोत की भरपाई मागायची असो, तिन्हींसाठी एकच गोष्ट हाताशी लागते. गावाने स्वतः ठेवलेली, तारीखवार, मोजमापाची नोंद. ती काम सुरू होण्याआधीची हवी.

शेतजमीन गेली तर सातबारा असतो, फेरफार असतो, पीकपाहणी असते. तलाठ्याच्या दप्तरात तुमचं नाव पिढ्यानुपिढ्या सापडतं. समुद्राचं तसं काहीच नसतं. कुठल्या वावात, म्हणजे किती खोल पाण्यात, कुठल्या गावाचं जाळं लागतं, कुणाचे खांब कुठे ठोकलेले आहेत, कुठल्या महिन्यात कुठला मासा कुठे लागतो, हे सगळं तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, डोक्यात असतं. सरकारी कागदावर असतो फक्त बोटीचा परवाना. त्यामुळे बंदराच्या कागदपत्रांत मच्छीमार येतात ते ‘इतक्या बोटी, इतकी लोकसंख्या’ एवढेच. पाण्याच्या नकाशावर ते कुठेच नसतात.

याचे परिणाम जवळच बघायला मिळतात. उरणला न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला. २५६ कुटुंबांना हनुमान कोळीवाड्यात वसवलं, आणि त्या जागेला वाळवी लागलेली. घरांची लाकडं पोखरली गेली, भिंती खिळखिळ्या झाल्या, आणि पुन्हा पुनर्वसन मिळावं म्हणून पुढची पिढी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिली. बंदर १९८९ ला सुरू झालं होतं! जागा देताना माती तपासणं, पाण्याची पातळी बघणं हे एका आठवड्याचं काम. ते झालं नाही, आणि त्याची किंमत दशकं मोजली गेली.

त्याच बंदराच्या विस्ताराचं प्रकरण २०१३ मध्ये हरित न्यायाधिकरणात गेलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये निकाल लागला: १,६३० मच्छीमार कुटुंबांना एकूण ९५ कोटी १९ लाख रुपये, म्हणजे कुटुंबामागे साधारण ५ लाख ८४ हजार. निकाल मोठा होता, आणि तो मिळाला याचं एक कारण म्हणजे बाधित कुटुंबांची गावनिहाय यादी उभी होती. पण वाद पुढे वरच्या न्यायालयात गेलाच. ज्यांना उद्याच्या जेवणाची सोय आजच्या मासळीतून करायची असते, त्यांच्यासाठी हा मार्ग फार लांबचा आहे. म्हणून नुकसान झाल्यावर सिद्ध करत बसण्यापेक्षा आधीची स्थिती पक्की लिहून ठेवणं जास्त मोलाचं.

आता नोंद कशी ठेवायची.

डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक दालदा, म्हणजे पापलेट, दाढा, घोळ यांसाठी पाण्यात सोडलेली तरंगती जाळी. दुसरी डोल, म्हणजे खांबांना बांधलेली पिशवीसारखी जाळी, जी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. डोल उधाणात भरते, कारण तेव्हा पाण्याला वेग असतो. पौर्णिमा-अमावस्येनंतरचे तीन-चार दिवस जोराचे. अष्टमी-नवमी-दशमीच्या सुमाराला भांग येतो, ओढ मंदावते, आणि बोटी किनाऱ्यावर दिसतात. आता समजा सल्लागार कंपनीची माणसं भांगात तीन दिवस येऊन पाहणी करून गेली. अहवालात काय येईल? ‘मासेमारी मर्यादित प्रमाणात आढळली.’ खोटं काहीच लिहिलेलं नाही, तरी चित्र पूर्ण उलटं! तसंच जून-जुलैच्या बंदीच्या काळातली पाहणी, किंवा मेच्या अखेरीला बोटी ओढून ठेवल्यावरची. म्हणून कुठल्याही पर्यावरण अहवालात मासेमारीचं प्रकरण उघडलं की पहिल्यांदा तारखा बघायच्या आणि त्या तारखांच्या पुढे तिथी लिहायची. अर्धे आक्षेप तिथेच सापडतात.

गावाच्या नोंदीसाठी सगळ्या बोटी लागत नाहीत. १२ ते १५ बोटी निवडाव्यात, पण निवडताना दालदा, डोल आणि छोट्या बिगरयांत्रिक होड्या असे सगळे प्रकार यावेत, आणि गावातल्या सगळ्या आळ्यांतल्या यावेत. प्रत्येक बोटीवर एक वही. रकाने असे: तारीख आणि तिथी, निघायची वेळ, जाळं टाकलं तिथले जीपीएसचे आकडे, जाळं उचललं तिथले आकडे, किती वाव पाणी, माशांच्या जातीप्रमाणे किलो, विक्रीची रक्कम, डिझेल लिटरमध्ये, बर्फ, खलाशी किती. जीपीएस आता जवळपास प्रत्येक यांत्रिक बोटीवर असतोच, त्यामुळे आकडे उतरवून घेणं अवघड नाही. अवघड आहे ते सातत्य. पहिल्या महिन्यात वही भरते, तिसऱ्या महिन्यात रिकामी राहते. त्यावर उपाय एकच: गावच्या मच्छीमार सोसायटीने एका शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला थोडं मानधन देऊन दर आठवड्याला वह्या तपासायला आणि संगणकात चढवायला बसवायचं.

नोंद किमान एक पूर्ण हंगाम हवी, ऑगस्ट ते मे. दोन हंगाम मिळाले तर उत्तम, कारण एखादं वर्ष चक्रीवादळाने किंवा पापलेटच्या दुष्काळाने बुडतं आणि मग समोरचा वकील तेच वर्ष धरून बसतो.

वहीला आधार देणारे कागद सोसायटीकडे आधीच असतात. डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी बोटवार डिझेलचा हिशोब ठेवावाच लागतो. लिलावाच्या पावत्या असतात, बर्फाच्या कारखान्याची बिलं असतात, निर्यातीचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या असतात. हे दहा वर्षांचं एकत्र केलं तर गावाचं उत्पन्न कुणालाही नाकारता येणार नाही असं समोर येतं. बऱ्याच ठिकाणी हे कागद पोत्यांत भरून गळक्या खोलीत पडलेले असतात. ते आधी स्कॅन करून घ्या. पावसाळा कुणासाठी थांबत नाही.

इथे एक नाजूक गोष्ट सांगायलाच हवी. वसई-उत्तनच्या आणि पालघर-डहाणूच्या मच्छीमारांमध्ये कवींचा, म्हणजे समुद्रात डोलीसाठी खांब ठोकण्याच्या हद्दीचा वाद अनेक वर्षांचा आहे. नकाशा काढायला बसलं की तो वर येणारच. एकाच पाण्यावर दोन गावांनी दोन वह्यांत आपापला हक्क लिहिला, तर प्रकल्पवाले दोन्ही वह्या बाजूला ठेवतील. त्यामुळे नकाशा हक्काचा काढू नये, वापराचा काढावा. ‘या पाण्यात या महिन्यात या या गावांच्या बोटी येतात’ एवढंच लिहायचं. मालकीचा निवाडा नंतर, आपसात.

पायी मासेमारी ही तर बिलकुल कुठेच नोंदलेली नसते. वाढवण, वरोर, चिंचणी, धाकटी डहाणू या पट्ट्यात ओहोटीला खडक आणि चिखल लांबवर उघडा पडतो. बायका तिथे कालवं फोडतात, शिंपल्या, खुबे, निवट्या, चिंबोऱ्या गोळा करतात. कोळी, मांगेला, वैती समाजाच्या बायका असतात तशा वारली, दुबळा समाजाच्याही असतात. त्यांच्याकडे परवाना नाही, बोट नाही, सोसायटीचं सभासदत्व नाही. भराव किंवा गाळ या खडकांवर आला तर सगळ्यात आधी त्यांचं ताट रिकामं होतं आणि भरपाईच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा नसतंच. त्यांची मोजणी सोपी आहे. किनाऱ्याचे अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे तुकडे पाडायचे. प्रत्येक उधाणाच्या मोठ्या ओहोटीला, म्हणजे महिन्यातून दोनदा, प्रत्येक तुकड्यावर किती बायका आहेत ते मोजायचं, वेळ दिसेल असा फोटो घ्यायचा, पाच-सहा जणींच्या टोपल्या वजन करायच्या. वर्षाला २४ मोजण्या होतात. त्यातून माणशी किती, कुठल्या महिन्यात किती, आणि त्यातलं किती विकलं, किती घरात शिजलं, हे कळतं. घरात शिजलेलंही उत्पन्नच आहे. ते बाजारभावाने लिहायचं.

बोटीच्या मागे उभी असलेली माणसंही अशीच गळतात. भरपाई बोटमालकाला मिळते. तांडेल, खलाशी, मासळी निवडणाऱ्या, बोंबील वाळवणाऱ्या, जाळी विणणारे, टोपली घेऊन लोकलने जाणाऱ्या विक्रेत्या यांचं काय? याच भागात घराघरांत दागिन्यांचे साचे बनवायचा डायमेकिंगचा धंदा चालतो. घरातला धंदा म्हणून तोही पाहणीत दिसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मच्छीमारांच्या भरपाईसाठी राज्याला धोरण करायला लावलं, आणि राज्याने नंतर ते आणलंही. पण धोरण असलं तरी यादी गावाला करावी लागते. घरटी एक पान: घरात कोण काय करतं, किती महिने, पुरावा काय. ग्रामसभेत वाचून ठराव करून ती मंजूर करून घ्यायची. ही यादी प्रकल्पवाल्यांच्या पाहणीआधी झालेली असेल तर तिचं वजन कितीतरी जास्त.

आता पाण्याचं आणि वाळूचं. या भरावाला सुमारे २० कोटी घनमीटर वाळू लागणार आहे आणि ती दमणसमोरच्या समुद्रतळातून आणायची योजना आहे. म्हणजे बाधित क्षेत्र दोन ठिकाणी आहे, एक जिथे वाळू टाकली जाणार आणि एक जिथून उपसली जाणार. दुसऱ्या ठिकाणी बंदर नाही म्हणून तिथले मच्छीमार सुनावणीला बोलावलेही जात नाहीत, पण त्यांच्या जाळ्यांखालचा तळ खरवडला जातो. लाटरोधक भिंतीला दगड लागतो, तो डोंगरांतून येतो. खाणीच्या सुरुंगांनी पाड्यांवरच्या घरांना तडे गेले तर ‘ते आधीचेच’ असं उत्तर मिळतं. सुरुंग सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवणं हे एका रविवारचं काम आहे.

पाण्याचा गढूळपणा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. ३० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची थाळी घ्यायची, आलटून-पालटून पांढरा आणि काळा रंग द्यायचा, खाली वजन आणि मधोमध खुणा केलेली दोरी बांधायची. पाण्यात सोडत जायची. थाळी दिसेनाशी होते ती खोली लिहायची. हा किनारा खंबातच्या आखाताजवळ असल्याने पाणी मुळातच गढूळ, आणि उधाणात ते आणखी ढवळतं. म्हणून भांग आणि उधाण दोन्हीतले आकडे हवेत. नाहीतर उद्या गाळउपशाने पाणी लाल झालं तरी ‘इथलं पाणी असंच असतं’ हे उत्तर तयार आहे. गाळ वाढला की डोलीचे डोळे बुजतात, जाळं जड होतं, आणि खडकावरची कालवं गुदमरतात.

किनारा सरकतो तो लगेच दिसत नाही. लाटा आणि प्रवाह किनाऱ्यालगत वाळू वाहून नेत असतात. मध्ये भिंत आली की भिंतीच्या आडोशाला गाळ साचतो आणि पुढच्या बाजूला किनारा खचतो. केरळातल्या विळिंजम बंदराविरुद्ध नेमका याच मुद्द्यावरून २०२२ मध्ये मच्छीमारांनी चार महिन्यांहून अधिक काळ आंदोलन केलं. धूप भिंतीमुळे की वादळांमुळे, यावर अजून तज्ज्ञांत एकमत नाही, आणि असे वाद मिटवायला आधीची गावपातळीची मोजमापंच लागतात. वाढवणजवळच्या गावांनी हे टाळावं. दर २०० मीटरवर एक पक्की खूण धरायची: देवळाची पायरी, विहिरीचा कठडा, जुना बंधारा. तिथून भरतीच्या रेषेपर्यंतचं अंतर फितीने मोजायचं, वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी मेमध्ये आणि नंतर ऑक्टोबरमध्ये, दोन्ही वेळा एकाच तिथीला. शक्य असेल तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यायचा.

वळशाचा हिशोब तर कुणी मांडतच नाही. समजा एखाद्या गावच्या बोटीला भिंत चुकवून जायला सहा सागरी मैल जास्त पडले. जाऊन-येऊन बारा. बोट ताशी सात मैल चालते आणि तासाला दहा लिटर डिझेल खाते, असं धरलं तर फेरीमागे पावणेदोन तास आणि सतरा लिटर जास्त. वर्षाला १५० फेऱ्या धरल्या तर अडीच हजार लिटरच्या वर, एका बोटीमागे. जाळं तेच, मासा कमी, खर्च जास्त. शिवाय पावणेदोन तास उशीर म्हणजे लिलाव हुकतो. आपापल्या बोटीचे खरे आकडे घालून हा हिशोब प्रत्येक गावाने मांडावा.

आराखड्यात बदल होऊ शकतो का? होतो. मुंबईत सागरी किनारा मार्गाच्या वरळीच्या बाजूला क्लीव्हलँड बंदरातून कोळ्यांच्या बोटी निघतात, तिथे पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. कागदावर ६० मीटर भरपूर वाटतं, बोट जेमतेम चार-पाच मीटर रुंद. पण बोट रस्त्यावरच्या गाडीसारखी रेघेत चालत नाही. पश्चिमेचा वारा, खडकांवरून उलटणारी लाट आणि ओहोटीची ओढ तिला आडवी नेतात. समोरून दुसरी बोट येते, खांबाभोवती पाणी घुमतं, आणि इंजिन बंद पडलं तर खांबावर आदळायला काही सेकंद पुरतात. कोळ्यांनी काम अडवलं, एक वर्षाहून जास्त ते अडलं, आणि शेवटी २०२३ च्या सुरुवातीला आठ क्रमांकाचा खांब गाळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. मागणी याहून मोठ्या अंतराची होती, पण एक खांब गळला. हाच खांब आराखडा कागदावर असताना गाळला असता तर कुणाचंच वर्ष वाया गेलं नसतं. वाढवणच्या बाबतीत असे ‘खांब’ आत्ताच शोधायला हवेत: बोटींसाठी राखीव मार्ग किती रुंद, त्याला दिवे कुठे, वादळात आसऱ्याला भिंतीच्या आत येऊ देणार का, बोटी दुरुस्तीला ओढायचा उतार कुठे. तोंडी आश्वासन नको, नकाशावर रेघ हवी.

देवस्थानांचंही तसंच. वाढवणच्या किनाऱ्यावरचं शंखोदर हे तीर्थ आहे, प्रभू रामचंद्रांनी इथे पित्याचे विधी केले अशी लोकांची श्रद्धा आहे. अशा जागेबद्दल अहवालात एक ओळ येते, ‘धार्मिक स्थळाला बाधा येणार नाही’. पण बाधा म्हणजे काय? दगड फोडला नाही म्हणजे बाधा नाही, असं होत नाही. विधीला वाहतं, स्वच्छ पाणी लागतं, ओहोटीला तिथवर चालत जायची वाट लागते, ठरावीक तिथीला शेकडो माणसांना उभं राहायला जागा लागते. प्रवाह बदलून खडकावर हातभर गाळ बसला तर देवस्थान जाग्यावर असूनही वापरातून गेलं. म्हणून लिहून द्यायचं ते असं: कुठल्या तिथींना, भरती-ओहोटीच्या कुठल्या वेळी, किती लोक, कुठल्या वाटेने, आणि खडक आज किती उघडा आहे त्याचे फोटो. नारळी पौर्णिमेला बोटींची पूजा होते, होळीला बोटी सजतात, गावदेवाची पालखी किनाऱ्यावरून फिरते. या सगळ्याचं एक वार्षिक पत्रक करून प्रकल्पाच्या कामाच्या वेळापत्रकाला जोडायला लावावं. आत, डोंगराकडे, बंदराचा रस्ता तवा-चारोटीच्या बाजूला राष्ट्रीय महामार्गाला मिळणार आहे, आणि चैत्र पौर्णिमेपासून तिथल्याच महालक्ष्मीची यात्रा भरते. ट्रेलरांची रांग आणि यात्रेकरूंची रांग एकाच नाक्यावर येऊ द्यायची नसेल तर त्या पंधरवड्याचं वाहतूक नियोजन आत्ताच अटींत घालावं लागेल. डहाणू तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रात आहे, तेव्हा रस्ता आणि रेल्वेच्या जमिनीबाबत ग्रामसभेशी विचारविनिमय कायद्याने करावाच लागतो. ग्रामसभेची नोटीस, हजेरी आणि ठरावाची प्रत गावाने स्वतःकडे ठेवावी.

जनसुनावणीत वेळ वाया जातो तो भाषणांत. वाढवणची सुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. पर्यावरण मंजुरीसाठीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची ३० दिवस आधी नोटीस लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत लागतो, चित्रीकरण होतं, आणि त्याच दिवशी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. ते वाचल्याशिवाय उठू नका. कळकळीचं भाषण इतिवृत्तात ‘ग्रामस्थांनी विरोध दर्शवला’ एवढ्याच ओळीत बसतं. त्याऐवजी प्रत्येक मुद्दा लेखी द्यावा: अहवालाचं पान, त्यातलं वाक्य, आपल्या वहीतला आकडा, आणि नेमकी मागणी. ‘पान अमुक, मासेमारी मर्यादित असं म्हटलंय, पाहणी भांगात झाली, आमच्या १४ बोटींची दहा महिन्यांची नोंद सोबत, उधाणातली पाहणी पुन्हा करावी.’ याला एका ओळीत उत्तर देऊन कुणाला सुटता येत नाही.

रोजगाराबद्दल थोडंच. सरकारी आकडा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून साधारण १२ लाखांचा आहे. तो आकडा गावाच्या उपयोगाचा नाही. पदवार यादी मागा: टगवर, म्हणजे जहाज ओढणाऱ्या बोटीवर किती, मूरिंगला, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायला किती, क्रेनवर किती, कुठलं प्रमाणपत्र लागतं, ते कुठे मिळतं, किती महिन्यांत. पन्नाशीचा तांडेल क्रेन चालवणार नाही, पण या पाण्याची त्याला जेवढी माहिती आहे तेवढी कुणालाच नाही. जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलटची ने-आण करणारी लाँच, सर्वेक्षणाच्या बोटी, गस्त यांवर त्याची जागा असू शकते. ती ठेक्याच्या निविदेत अट म्हणून आली तरच मिळते.

मंजुरीनंतर लोक थकून गप्प बसतात, आणि खरी चूक तिथे होते. पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस मिळतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. ती मुदत गेली तरी सगळं संपत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांत करता येतो, आणि तिथे आपल्या वह्या पुन्हा कामाला येतात. अटी पाळायला लावता येतात हे डहाणूनेच दाखवलं आहे: इथल्या औष्णिक वीजप्रकल्पाला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला प्राधिकरणाने १९९९ मध्ये सांगितलं, पाठपुरावा सोडला नाही, आणि २००७ मध्ये ती सुरू झाली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या बागा टिकल्या म्हणूनच.

मंजुरीच्या अटींचा अनुपालन अहवाल प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो लोकांना बघायला खुला असतो. त्या दोन तारखांनंतरच्या आठवड्यात सोसायटीच्या कार्यालयात बसून प्रत्येक अट वाचावी. गढूळपणाचे आकडे कुठल्या तारखांचे आहेत आणि त्या दिवशी तिथी काय होती ते बघावं. आपल्या थाळीचे आणि फितीचे आकडे शेजारी मांडावेत. फरक दिसला तर त्याच आठवड्यात मंत्रालयाच्या विभागीय कार्यालयाला, राज्य प्रदूषण मंडळाला आणि डहाणूच्या प्राधिकरणाला लेखी कळवावं, आणि तिन्हींची पोच वहीला टाचून ठेवावी.